टाळ्या घेतलेलं वाक्य

१९ ऑगस्ट १९८६

सकाळपासून अकरा ड्रेसिंग. चुलीवर पडलेली एक बाई, हात कोपरापर्यंत. फडकं जखमेला चिकटलेलं. ओढलं तर मिनिटात निघतं. तसे काढणारे पाहिले आहेत, कामंही त्यांची लवकर होतात. मला जमत नाही. पाणी टाकत, बोलत बसलो. पाऊण तास गेला. बाहेरची रांग शिव्या देत होती.

संध्याकाळी वस्तीत सभा. परवा देवगाव फाट्यावर रास्ता रोको. नामांतराचा ठराव होऊन आठ वर्षं झाली, विद्यापीठाच्या कमानीवर अजून नाव नाही. सरकारी नोकरानं असल्या सभेत बोलू नये असा मेमो मागं मिळाला आहे. घडी करून पुस्तकात खुणेला ठेवलाय. बोललो. "परवा एकही चाक फिरणार नाही!" मागून एक म्हातारी ओरडली, "अन् दवाखान्याची गाडी?" मी जरा थांबलो. कुठं थांबायचं हे मला कळतं. मग म्हणालो, "आमची मढी बैलगाडीतून गेली, तेव्हा कुठं होती दवाखान्याची गाडी?"

टाळ्या थांबेनात. समितीच्या सावळे सरांनी पाठ थोपटली.

घरी शांता भाकरी वाढताना म्हणाली, "म्हातारीनं खरंच इचारलं होतं. तुमी उत्तर न्हाई दिलं. टाळ्या घेतल्या."

बायकोशी वाद घालायचं त्राण नाही.

२० ऑगस्ट

उद्याची रजा नामंजूर. दुसरा ड्रेसर तापानं पडलाय. म्हणजे माझ्या सभेचा रास्ता रोको माझ्याशिवाय. लतीफभाई (आमच्या जीपचे ड्रायव्हर, अठरा वर्षं तेच स्टिअरिंग) हसत म्हणाले, "अच्छा हुआ भाऊ. तुम उधर बोलते, मेरेकू इधर अकेले पेशंट उठाना पडता."

२१ ऑगस्ट

लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मी ते वेगळं आठवीन.

सकाळी साडेदहाला खडकवाडीचा माणूस सायकलवर आला. मूग तोडताना साप चावला, घोणस, पायाला. निघालो. फाट्यावर पोरं जमायला लागली होती, झेंडे गुंडाळलेले. मी जीपमधून हात केला. बाराच्या आत परतू असा हिशोब होता.

पेशंट मारुतीच्या पारावर, लिंबाच्या पाल्यावर निजवलेला. दत्तराव, चाळिशीचा, थोडी जमीन असलेला शेतकरी. गुडघ्याखाली सुताची दोरी करकचून बांधलेली. गावच्या भगतानं मंत्र टाकून बांधली होती. ती सैल करायला हात घातला तर त्याची आई सोजरबाई आडवी आली. "दोरी सोडली की इख वर चढंल. भगतानं सांगितलंय, गावाबाहीर सोडायचीच न्हाई. दोरीसंगं न्यायचं तर न्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या हितंच."

दर वीस मिनिटांनी सैल करायची असं आम्हाला शिकवलेलं. पारावर पन्नास माणसं. बोललो. बोलणं हाच माझा धंदा. पाऊण तास बोललो आणि शेवटी सौदा केला. गाडी निघते आहे, दोरी दवाखान्याच्या उंबऱ्यात सोडतो, त्याआधी नाही. तिनं मुलाच्या डोक्यावर माझा हात ठेवून मला शपथ घ्यायला लावली. मनात हिशोब होता, अर्ध्या तासात दवाखाना. तेवढं पायाला सोसेल.

गाडीत बसताना विचारलं तिनं, "कुण्या गावचे तुमी?" गाव कशासाठी विचारतात ते मला ठाऊक आहे. सांगितलं. तिनं पाण्याचा तांब्या आपल्याजवळ ओढून घेतला. आणि मुलाचं डोकं माझ्याच मांडीवर ठेवलं, कारण दोरीचा पाय तिच्या मांडीवर होता, दुसरी मांडी नव्हती.

फाटा बंद.

पुढं तीसेक ट्रक, दोन एसट्या, जीप मागं अडकलेली. भोंगा कुणी ऐकेना. लतीफभाईंना म्हटलं, पेशंटला बोलतं ठेवा, झोपू देऊ नका, दोरीला हात लावू नका, मी येतो. पळत पुढं गेलो. टायर जळत होते. पुढची पोरं पाथरीकडची, एकही ओळखीचं नाही. मी म्हणालो, दवाखान्याची गाडी आहे, सर्पदंश आहे, सोडा.

त्यातला एक हात कमरेवर ठेवून म्हणाला, "आमची मढी बैलगाडीतून गेली, तेव्हा कुठं होती हो दवाखान्याची गाडी?"

शब्द न् शब्द. थांबलाही माझ्यासारखाच.

म्हणालो, "ते वाक्य माझं आहे. परवा मीच बोललोय."

"असं का? मंग मी कलेक्टर हाय!" सगळे हसले. "अन् हा डी.एस.पी.!"

माझ्या अंगात दवाखान्याचा खाकी शर्ट. त्यांच्या मनातला तो वक्ता असा दिसत नसावा.

शेवटी तीच म्हातारी, परवा मागून विचारणारी, पदर खोचत गर्दीतून आली. "आरं, हाच तो! ह्येच बोलला होता, मुडद्यांनो, सोडा त्याला!" मग पोरंच कामाला लागली. ट्रक मागं घेणं, पुढं घेणं, एक तर चालूच होईना, वीस जणांनी ढकलला. ज्यानं मला अडवलं तोच जीपपुढं पळत रस्ता करत होता. रडत होता तो.

गेलेला वेळ पाऊण तास. काही जास्तच.

जीपमध्ये परत आलो तेव्हा पायाची बोटं जांभळी. नख दाबलं, रंग परत येईना. दोरी तिथंच कापली. सोजरबाईंनी हंबरडा फोडला, "उंबरा आला का? आला का उंबरा?"

आमच्याकडं लस होती तेवढी दिली. मग परभणी. माणूस जगेल म्हणतात. पायाचं कुणी काही बोलत नाही.

२२ ऑगस्ट

सावळे सर दवाखान्यात आले. रास्ता रोको यशस्वी. "तुमच्या त्या वाक्यानं पोरं पेटली." मी काल काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "हळू बोला."

२९ ऑगस्ट

लतीफभाई परभणीला दुसरा एक पेशंट सोडून आले. चहा हातात घेतला, प्यायले नाहीत. "भाऊ, पैर काटे. घुटने के नीचे से."

आमच्या डॉक्टरांना विचारलं, दोरीनं की विषानं? ते म्हणाले, "घोणशीच्या विषानंही सडतं मांस. आता सांगता येणार नाही." पुन्हा विचारलं. ते कंटाळले. "कोर्टात आहोत का आपण?"

नाही. कोर्टात असतो तर बरं झालं असतं. निकाल तरी लागला असता.

७ सप्टेंबर

काही नाही. ड्रेसिंग. ड्रेसिंग. एक बाळंतीण जीपमध्येच मोकळी झाली, मुलगी, ठीक. लतीफभाईंनी आपलं उपरणं दिलं गुंडाळायला. ह्या वर्षातलं हे त्यांचं चौथं उपरणं.

कपाटातली पुस्तकं काढून बसलो. जुलूम आणि मुक्ती यांवर माझ्याकडं अडतीस पुस्तकं आहेत. गाडीला वाट करून द्या असं एकातही लिहिलेलं नाही. लेखकांना वाटलं असेल, एवढं तर कळतच असेल.

१५ सप्टेंबर

आज पडदा सरकवला आणि बाकावर दत्तराव.

परभणीहून सुटी झाली. टाके दोन ठिकाणी उसवलेत, पू आहे. रोज ना रोज ड्रेसिंग लागणार. रोज परभणी जमत नाही, म्हणून इथं. बैलगाडीनं आला, मुलगी हाकत होती. सोजरबाई सोबत. मला पाहून उठल्या. वाटलं, आता शिव्या.

त्या म्हणाल्या, "तुमच्यावर राग न्हाई माजा. तुमी दोरी उंबऱ्याच्या आंधी सोडली, म्हून पाय गेला. पर तुमचा जीव कळवळला असंल. आईच्या पोटचेच हाव की तुमी बी."

दोरी उशिरा सोडली म्हणून गेला असेल, बाई. आणि उशीर का झाला...

हे मनातच म्हणालो. मी चिमटा उचलला.

१८ सप्टेंबर

चौथं ड्रेसिंग. कडेचं मेलेलं मांस काढावं लागलं. दत्तरावांनी ओठ चावले, ओरडले नाहीत. मी बोलत होतो, पिकाचं, पावसाचं, काहीही.

"डॉक्टर, तुमचं बोलणं लय ग्वाड हाय. पेपर वाचून दाखवा की."

"मी डॉक्टर नाही. ड्रेसर."

"आमाला तुमीच."

पेपर वाचला. पहिल्या पानावर नामांतराची बातमी. ती गाळून खालची वाचायला घेतली. ते हसले. "वरलं बी वाचा. आमचा इरोध हाय त्याला, पर ऐकायला काय जातंय?"

वाचली. मग वाद. पट्टी बांधेपर्यंत वाद. "तुमी मानूस चांगले, पर डोस्कं उलटं," असं म्हणून गेले. उद्याही त्यांना वाद हवा आहे. मलाही.

२३ सप्टेंबर

पू कमी. नवं मांस लाल दिसतंय, दाणेदार. दवाखान्यात ह्यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही.

सोजरबाई तांब्या भरून ताक घेऊन आल्या. "घ्या." मी ओंजळ पुढं केली, सवयीनं. वर्षानुवर्षांची सवय, भाषणात मी जिला जाळतो तीच. त्या म्हणाल्या, "आता गं बया. तोंड लावून प्या की." प्यालो. ताक आंबट होतं. डोळ्यांतलं पाणी आंबटपणानं आलं असं ठरवलं.

मी जे लपवतोय ते ठाऊक नसलेल्या बाईच्या हातचं ताक प्यालो मी.

२७ सप्टेंबर

शांताला सांगितलं की सांगणार आहे. ती म्हणाली, "सांगा. अन् मग ते यायचे बंद झाले तर? जखम कोन धुईल?"

तिथंच अडकतं. गोष्ट कळली की ते येणार नाहीत. ड्रेसिंग चुकेल, पाय पुन्हा चिघळेल, परत परभणी, कदाचित गुडघ्याच्या वर. म्हणजे जखम भरेपर्यंत गप्प बसणं हेच पेशंटच्या हिताचं.

किती छान बसतं हे. माझी पळवाट आणि त्याचं हित एकाच मापाचं. असं बसलं की मला संशय येतो.

३ ऑक्टोबर

समिती बसली. बारा तारखेला पुन्हा फाटा. वक्ता मी. सावळे सरांना अट सांगितली. रस्त्याची एक बाजू दवाखान्याच्या गाडीसाठी रिकामी, तिथं आपली चार माणसं उभी. आणि का, ते मी व्यासपीठावरून सांगणार. नाव, गाव, पाय, माझं वाक्य, सगळं.

पहिली गोष्ट लगेच मान्य. दुसरीवर गदारोळ. सर म्हणाले, "विरोधकांच्या हातात कोलीत द्याल तुम्ही. उद्या पेपरात येईल, नामांतरवाल्यांनी पाय तोडला. आमच्या वस्त्या जाळल्या तेव्हा कुणी कबुली दिली होती?"

खरं आहे. कुणीच दिली नव्हती. माझ्या मामाचं घर त्यात होतं. राखेतून त्याच्या शिवणयंत्राची चाकं तेवढी निघाली. ते मी विसरलेलो नाही आणि नावावरचा हक्क इंचभरही सोडणार नाही. पण त्यांनी कबुली दिली नाही म्हणून मी द्यायची नाही, हा हिशोब लढाईतला आहे. मी दिवसभर जखमा धुतो. तिथं आधी कुणी कुणाला मारलं हे विचारून बोळा उचलत नाही.

हे तिथं बोललो असतो तर टाळ्या पडल्या असत्या. म्हणून बोललो नाही. नुसतं म्हणालो, "मी सांगणार." सर उठून गेले.

८ ऑक्टोबर

आज.

पट्टी उलगडत होतो. दत्तराव सहज म्हणाले, "बारा तारखेला फाट्यावर सभा हाय म्हनं. मी जाणार हाव."

"तुम्ही? तुमचा तर विरोध."

"इरोध हायच. मला एक मानूस बगायचाय. त्या दिशी आमी गाडीत होतो न्हवं, तवा बाहीर कोनतरी वरडायलता, मढी, बैलगाडी, असलं कायतरी. नंतर गावात कळलं की ते एका भाषनवाल्याचं बोलणं हाय. लय मोठा बोलणारा हाय म्हनं. तो येणार हाय." कुबडी जवळ ओढली. "मारणार न्हाई मी. मारायला उभं तर ऱ्हाता आलं पायजे. नुस्तं बगायचंय, कसा दिसतोय."

खोलीत लतीफभाई होते. त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

"का हो डॉक्टर?"

"काय?"

"हात थांबले तुमचे. लय खराब हाय का जखम?"

"नाही," म्हणालो. "चांगली भरतेय."

दुसरं काहीही बोलता आलं असतं.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ

लतीफभाई घरी आले. बसले नाहीत. "भाऊ, अकेले में बोल दो उसकू. सभा में बोले तो उसका तमाशा हुइंगा."

मी म्हणालो, वाक्य सगळ्यांपुढं बोललो, तर...

"हौ, वो तुम्हारा हिसाब. उसका पूछे क्या तुम?"

गेले. अठरा वर्षं पेशंट उचलणारा माणूस. एकाही सभेला आलेला नाही.

१० ऑक्टोबर

एकांतात सांगायचं ठरवून गेलो. आज आलेच नाहीत. मुलगी निरोप घेऊन आली, बैलाला बरं नाही. ड्रेसिंग बुडलं. दुपारी लतीफभाईंना घेऊन खडकवाडीला जायला निघालो तर बोरीकडचा अपघात आला. तिघं. एकाची मांडी. संध्याकाळ तिथंच झाली.

११ ऑक्टोबर

आले. कालच्या खाड्यानं कड ओली झालीय. सोजरबाई बाकावर, मुलगी दारात, रांग पडद्यापर्यंत. धुतलं, बांधलं.

म्हणालो, "दत्तराव, मला तुमच्याशी बोलायचंय. एकट्याशी."

ते कुबडी घेत म्हणाले, "उद्या फाट्यावर भेटाल की. तुमी तिकडलेच. मला तो मानूस तेवढा दाखवा, मी वळकत न्हाई त्याला."

मी म्हणालो, "दाखवतो."

दाखवतो म्हणालो मी.

शांतानं विचारलं, काय बोलणार उद्या? लिहिलेलं काहीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा भाषण कागदावर उतरवायला बसलो, तीन ओळींत संपलं. मी ड्रेसर आहे. मी असं बोललो. त्यामुळं असं झालं. पुढची ओळ येत नाही. क्षमा हा शब्द लिहिला, खोडला. ती मागून त्यांना चारचौघांत द्यायला भाग पाडायचं? पुन्हा टाळ्याच त्या.

अजून निदान दहा ड्रेसिंग लागतील त्या पायाला.

१२ ऑक्टोबर, देवगाव फाटा

केसपेपरच्या पाठीमागं लिहितोय, वहीत नंतर चिकटवीन.

व्यासपीठाच्या मागं, ट्रॉलीच्या सावलीत बसलोय. सावळे सर बोलत नाहीत माझ्याशी, पण वक्त्यांच्या यादीतून नाव काढलेलं नाही. रस्त्याची एक बाजू रिकामी. चार पोरं पांढरा रुमाल दंडाला बांधून उभी आहेत. त्यातला एक तो, कलेक्टर म्हणणारा. मघाशी येऊन पाणी देऊन गेला. म्हणाला, "साहेब, आज मुंगीबी अडनार न्हाई." सकाळपासून जीप एकदा गेली. लतीफभाईंनी भोंगा वाजवला नाही, वाजवावा लागला नाही.

त्या रिकाम्या बाजूच्या कडेला बैलगाडी सोडलीय. दत्तराव गाडीच्या साट्यावर बसलेत, पाय उशीवर, मीच बांधलेली पट्टी इथून पांढरी दिसते. सोजरबाईंच्या डोक्यावर पदर, हातात तांब्या. मला पाहून त्यांनी तांब्या उचलून दाखवला. ताक आणलंय माझ्यासाठी.

दत्तराव व्यासपीठावरच्या एकेका माणसाकडं निरखून बघताहेत. मग माझ्याकडं बघून हातानं खूण करतात, हा का? मी मान हलवतो, नाही. पुढचा उठला. हा का? नाही.

माझ्या आधी आता एकच जण उरलाय.